स्वस्तातला छोटा कॅमेरा घेताना : वापरणाऱ्यांची मतं कशी वाचावीत

वाचकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. मुलीला वाढदिवसाला छोटा डिजिटल कॅमेरा द्यायचा आहे, किंवा आई-वडील यात्रेला निघालेत आणि मोबाइलवर फोटो काढणं त्यांना जमत नाही, किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात नातवाचा नाच टिपायचा आहे. बजेट मोजकं. एखादं मॉडेल पसंत पडतं आणि ते घेतलेल्यांची मतं वाचायला बसलं की गोंधळ सुरू होतो. एक म्हणतो ‘पैसा वसूल’, त्याच्याच खाली दुसरा लिहितो ‘भंगार, चुकूनही घेऊ नका’. कॅमेरा एकच, मग खरं कोणाचं?

बहुतेक वेळा दोघांचंही. एकाने तो भर दुपारी रायगडावर वापरलेला असतो, दुसऱ्याने रात्री मंगल कार्यालयात. स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचं बळ कुठे आणि मर्यादा कुठे हे ठरलेलं आहे. ते एकदा समजलं की कोणतं मत तुमच्या कामाचं आणि कोणतं सोडून द्यायचं हे चटकन उमगतं.

आधी बाजारात काय उरलं आहे ते पाहा

जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेची आकडेवारी सांगते की २०१० साली बारा कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. त्यातले बहुसंख्य खिशात मावणारे, लेन्स न बदलता येणारे होते. २०२४ मध्ये या प्रकारच्या कॅमेऱ्यांचा आकडा वीस लाखांच्याही आत होता. मोबाइलने हा बाजार गिळला आणि मोठ्या कंपन्यांनी स्वस्त मॉडेलं बनवणं जवळपास थांबवलं.

याचा तुमच्या खरेदीशी थेट संबंध आहे. ज्या मॉडेलांवर भरपूर मतं वाचायला मिळतात ती जुनी आहेत : सोनीचा डब्ल्यू ८०० हा २०१४ चा, कॅननचा इक्सस १८५ हा २०१७ चा. त्यांच्यावरची मतंही तेवढीच जुनी. ‘किमतीच्या मानाने उत्तम’ असं कोणी २०१८ मध्ये लिहिलं असेल, तर तो निकाल २०१८ च्या किमतीवरचा आहे. गेल्या काही वर्षांत तरुणांमध्ये जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची हौस पुन्हा वाढली, साठा कमी आणि मागणी जास्त झाली, आणि तोच कॅमेरा आता चढ्या भावाने विकला जातो. म्हणून मतातला ‘किमतीच्या मानाने’ हा भाग खोडून उरलेलं वाचा.

आज तुमच्यासमोर साधारण तीन वाटा असतात :

- नावाजलेल्या कंपनीचा नवा किंवा दुकानात शिल्लक राहिलेला कॅमेरा
- नावाजलेल्या कंपनीचा वापरलेला कॅमेरा
- कधी न ऐकलेल्या नावाचा, ‘४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेला नवा कॅमेरा

किमतीत तिसरी वाट सगळ्यांत आकर्षक दिसते, स्टारही तिलाच भरभरून असतात. ती टाळा. कारण पुढे सविस्तर येईल.

कोडॅक हे नाव पाहून अनेकांना जुन्या आठवणीने विश्वास वाटतो, म्हणून एक खुलासा. मूळ कोडॅक कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या काळात डिजिटल कॅमेऱ्यांचा धंदा बंद केला. आज पिक्सप्रो नावाने मिळणारे कॅमेरे जेके इमेजिंग ही अमेरिकी कंपनी कोडॅकच्या नावाचा परवाना घेऊन विकते. कॅमेरे वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. एफझेड ५५ किंवा पेन्सिल सेलवर चालणारा एफझेड ४५ हे नवे मिळणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांतले विचारात घेण्याजोगे पर्याय आहेत. फक्त आजोबांच्या कोडॅकचा अनुभव त्यांना लावू नका. भारतात त्यांची वॉरंटी कोण निभावणार, हे पैसे देण्याआधी विचारा.

मत वाचण्याआधी तुमचा उपयोग कागदावर लिहा

एकच वाक्य पुरे. ‘दिवसा सहलीत फोटो, अधूनमधून चार बाय सहाचे प्रिंट.’ किंवा ‘रात्री घरगुती कार्यक्रम, व्हिडिओसह.’ पहिलं वाक्य तुमचं असेल तर साधा कॉम्पॅक्ट कॅमेरा तुम्हाला समाधान देईल. दुसरं असेल तर मी स्पष्टच सांगेन, या किमतीतला कोणताही छोटा कॅमेरा घेऊ नका. घरातला बऱ्यापैकी मोबाइल ते काम जास्त चांगलं करेल.

एखाद्या मतावर किती भरवसा ठेवायचा

एकूण स्टार किती, या आकड्यापासून सुरुवात करू नका. तीन स्टारवाली मतं आधी उघडा. पाच स्टार देणारा बहुधा पार्सल उघडल्याच्या आनंदात लिहितो, एक स्टारवाला रागात. तीन देणाऱ्याने काय आवडलं आणि काय खटकलं हे दोन्ही नोंदवलेलं असतं. मग पुढच्या गोष्टी तपासा :

- मॉडेलचा पूर्ण क्रमांक. कॅननचे इक्सस १८५ आणि इक्सस १९० एकाच वर्षाचे, दिसायला भावंडं. पण १९० मध्ये दहापट झूम, लेन्समधलं कंपन-रोधक यंत्र आणि वाय-फाय आहे. १८५ मध्ये झूम आठपट, कंपन-रोधन फक्त डिजिटल आणि वाय-फाय नाही. १९० चं कौतुक वाचून १८५ घेणारे पुढे तक्रार करतात. एका अक्षरानेही फरक पडतो. कॅननने २०१६ चा इक्सस २८५ एचएस २०२५ मध्ये नावापुढे ‘ए’ लावून पुन्हा बाजारात आणला. जुन्यात नेहमीचं एसडी कार्ड बसतं, नव्यात मायक्रो एसडी लागतं.
- किती दिवसांच्या वापरानंतर लिहिलं. ‘आजच मिळाला, मस्त आहे’ हे मत डब्याबद्दलचं आहे. ‘आठ महिन्यांनी लेन्स आत जाईना’ हे कॅमेऱ्याबद्दलचं.
- तक्रार कोणाची. डिलिव्हरी उशिरा आली, डबा चेपलेला होता, चार्जरची पिन निघाली : या तक्रारी विक्रेत्याबद्दलच्या. दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतलं तर त्या तुम्हाला लागू होणार नाहीत.
- सोबत फोटो आहे का. कॅमेऱ्याचा फोटो नव्हे, कॅमेऱ्याने काढलेला. घरातल्या दिव्यात काढलेला एखादा फोटो असेल तर शंभर शब्दांपेक्षा तो जास्त सांगतो.
- ‘खरेदी पडताळलेली’ हा शिक्का. त्या माणसाने पैसे भरले एवढंच तो सांगतो. वापरल्याची हमी त्यात नाही. काही विक्रेते डब्यात चिठ्ठी टाकतात : पाच स्टार द्या आणि कॅशबॅक घ्या. एखाद्या मतात या चिठ्ठीचा उल्लेख दिसला की त्या विक्रेत्याच्या सगळ्याच स्टारांकडे संशयाने पाहा.
- मतं नेमकी कशावरची आहेत. एकाच पानावर वेगवेगळे रंग, वेगवेगळे संच, कधी तर वेगळी मॉडेलंही एकत्र टाकलेली असतात आणि सगळ्यांच्या मतांची बेरीज करून दाखवली जाते. कॅमेऱ्याच्या पानावर कोणी ‘कव्हर छान आहे’ लिहिलेलं दिसलं तर ती बेरीज फसवी आहे.

भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन मतांसाठी ‘आयएस १९००० : २०२२’ हे मानक आणलं. मत देणाऱ्याची ओळख पडताळावी, विकत घेतलेली किंवा पगारी माणसांकडून लिहवून घेतलेली मतं छापू नयेत, असं त्यात आहे. पण ते पाळणं ऐच्छिक आहे, त्यामुळे पारखण्याचं काम अजून तुमच्याच माथी आहे.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यांचा खरा अर्थ

वर्षानुवर्षं याच पाच-सहा तक्रारी फिरून फिरून येतात. त्यामागचं कारण कळलं तर तुमच्या बाबतीत तसं होईल की नाही हे आधीच ठरवता येतं.

‘घरात फोटो पुसट आणि दाणेदार येतात.’ ही तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि सगळ्या स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांना लागू आहे. या कॅमेऱ्यांतला सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा. मेगापिक्सेल वीस असले तरी प्रकाश गोळा करणारी जागा तेवढीच. आजच्या मध्यम किमतीच्या अनेक मोबाइलांच्या मुख्य कॅमेऱ्यात यापेक्षा मोठा सेन्सर असतो. शिवाय मोबाइल एका क्षणात अनेक फोटो घेऊन त्यांचा एक स्वच्छ फोटो तयार करतो. जुन्या कॉम्पॅक्टकडे ही युक्ती फारशी नाही.

झूम केल्यावर प्रश्न आणखी बिकट होतो. इक्सस १८५ मध्ये झूम न करता लेन्सचं छिद्र एफ ३.२ असतं, पूर्ण झूमवर ते एफ ६.९ होतं. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे प्रकाश जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. मग कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, तेवढ्यात हात हलतो आणि नाचणारी मुलंही हलतात. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून पूर्ण झूम करून काढलेले फोटो बिघडतात ते यामुळे. फ्लॅशही तिथे उपयोगाचा नाही. या कॅमेऱ्यांचा फ्लॅश साधारण तीन मीटरपर्यंतच पोचतो, पुढच्या रांगेतल्यांची डोकी तेवढी उजळतात. उपाय दोनच : पुढे जाऊन बसा, आणि झूम कमीत कमी वापरा.

‘बॅटरी पटकन संपते.’ पेटीवर दोनशेच्या आसपास फोटोंचा आकडा असतो. तो एका ठरलेल्या चाचणीतून येतो : दर तीस सेकंदांनी एक फोटो, एकाआड एक फोटोला फ्लॅश, मधूनमधून कॅमेरा बंद-चालू. तुम्ही स्क्रीन सतत चालू ठेवून काढलेले फोटो सगळ्यांना दाखवत बसलात, व्हिडिओ घेतलात, तर आकडा निम्म्यावर येतो. उलट फ्लॅश न वापरता दिवसा भराभर फोटो काढणाऱ्याला पेटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त मिळतात. दोन्ही मतं खरीच. प्रवासाला जाणार असाल तर दुसरी बॅटरी खरेदीच्या खर्चातच धरा. त्या मॉडेलची बॅटरी आजही मिळते का हे कॅमेरा घेण्याआधी पाहा. सोनी डब्ल्यू ८०० ला एनपी-बीएन आणि इक्सस १८५ ला एनबी-११एल लागते. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात साधे सेल टाकू नका, ते पाहता पाहता संपतात. निकेल मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे सेल वापरा. यात्रेला जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी मला पेन्सिल सेलचा कॅमेरा जास्त सोयीचा वाटतो, कारण ऐनवेळी कोणत्याही टपरीवर सेल मिळतात.

‘व्हिडिओ मोबाइलपेक्षा वाईट.’ बरोबर. डब्ल्यू ८०० आणि इक्सस १८५ दोन्ही ७२० पी वर थांबतात. व्हिडिओ महत्त्वाचा असेल तर हा शोधच थांबवा.

‘फोटो मोबाइलवर कसे घ्यायचे?’ वाय-फाय नसलेल्या मॉडेलवर हा प्रश्न फार येतो आणि लोक त्यासाठी स्टार कापतात. मोबाइलला जोडायचं छोटं कार्ड रीडर घेतलं की प्रश्न मिटतो. एवढ्यासाठी एखादा चांगला कॅमेरा नाकारू नका.

‘लेन्स एरर येते, कॅमेरा बंद पडला.’ हे मत मात्र गांभीर्याने घ्या. बाहेर येणारी-आत जाणारी लेन्स हा या कॅमेऱ्यांचा सर्वांत नाजूक भाग. खिशातली धूळ, समुद्रकिनाऱ्यावरची वाळू, पिशवीत दाबून चालू झालेला कॅमेरा, यांपैकी काहीही पुरतं. वॉरंटीत ‘वाळू गेली’ हे कारण सांगून दुरुस्ती नाकारली जाऊ शकते आणि पैसे देऊन लेन्सचा संच बदलायचा तर खर्च कॅमेऱ्याच्या किमतीजवळ जातो. एखाद्या मॉडेलवर ही तक्रार अनेकांनी, वेगवेगळ्या वर्षांत, घरातल्याच वापरात केलेली दिसली तर ते मॉडेल सोडा. अलिबाग-गोव्याच्या सहलीनंतरच्या एकट्या तक्रारीवरून मात्र निकाल देऊ नका.

‘सीसीडी आहे, रंग फिल्मसारखे!’ हे कौतुक सध्या फार ऐकू येतं आणि त्यावर भावही वाढवले जातात. जुन्या कॅमेऱ्यांचे रंग खरोखर वेगळे दिसतात. पण ते लेन्स, कंपनीने बसवलेली रंगांची प्रक्रिया आणि थेट मारलेला फ्लॅश या सगळ्यांमुळे. केवळ सेन्सर सीसीडी या जुन्या प्रकारचा आहे म्हणून दीडपट पैसे देऊ नका. नमुना फोटो पाहा, आवडला तर घ्या.

निनावी ‘४८ मेगापिक्सेल’चा मोह

आता तिसऱ्या वाटेबद्दल. यातल्या अनेक कॅमेऱ्यांत वेबकॅमच्या दर्जाचा छोटा सेन्सर आणि न हलणारी लेन्स असते. मूळ फोटो कमी मेगापिक्सेलचा असतो, तो सॉफ्टवेअरने ताणून ४८ किंवा त्याहून मोठा आकडा दाखवला जातो. फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही. ‘१६ एक्स झूम’ हा डिजिटल असतो, म्हणजे मधला तुकडा कापून मोठा केलेला. ओळखायच्या खुणा :

- वर्णनात ‘ऑप्टिकल झूम’ हे शब्द कुठेच नाहीत, नुसतं ‘झूम’ किंवा ‘डिजिटल झूम’
- सेन्सरचा आकार दिलेला नाही
- चालू केल्यावर लेन्स बाहेर येत नाही, आणि फ्लॅशच्या जागी छोटा एलईडी दिवा आहे
- कंपनीचा भारतातला पत्ता, आयातदाराचं नाव, सर्व्हिस सेंटर यांपैकी काही सापडत नाही
- सोबत कार्ड, दोन बॅटऱ्या, पट्टा, पिशवी, स्टँड असा भरगच्च संच

मेगापिक्सेलची गरज किती, तेही हिशेबाने बघा. चार बाय सहा इंचांचा उत्तम प्रिंट काढायला सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात, पूर्ण ए-४ पानाला नऊ. त्यापुढचा आकडा तुमच्या अल्बममध्ये दिसणारच नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला खेळायला हवा असेल तरच असा निनावी कॅमेरा घ्या, आणि खेळण्याच्या किमतीला मिळत असेल तरच.

वापरलेला कॅमेरा घेताना

माझ्या मते मोजक्या पैशांत सर्वांत चांगला सौदा इथेच होतो, पण हातात घेऊन पाहता आला तरच. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची विक्री आणि दुरुस्ती जवळजवळ शेजारी-शेजारी चालते. तिथे दुरुस्ती करणाऱ्याला ‘या मॉडेलचे सुटे भाग मिळतात का’ एवढं विचारलं तरी ढीगभर मतांपेक्षा उपयोगी उत्तर मिळतं. जाताना स्वतःचं कार्ड, एक छोटी बॅटरी-टॉर्च आणि थोडा वेळ घेऊन जा.

१. कॅमेरा अनेकदा बंद-चालू करा. लेन्स एका लयीत आली-गेली पाहिजे. करकर आवाज, अडखळणं, तिरकी बसलेली लेन्स दिसली तर तिथेच थांबा.

२. पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश, झूम न करता आणि पूर्ण झूमवर, असे दोन फोटो काढा. एकाच जागी करडे ठिपके दिसले तर आत धूळ आहे, आणि ती घरी साफ होत नाही.

३. लेन्समध्ये तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या कॅमेऱ्यात हे जरूर पाहा.

४. बॅटरी फुगलेली नाही ना, खणातल्या पट्ट्यांवर हिरवट थर नाही ना, झाकणाची खिट्टी नीट बसते ना, हे पाहा. फ्लॅशसह सलग वीस-तीस फोटो काढून चार्ज टिकतो का बघा.

५. कार्ड कोणतं लागतं ते विचारा. जुन्या ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या कित्येक मॉडेलांना एक्सडी कार्ड लागतं, जुन्या सोनीला मेमरी स्टिक. ही कार्डं आता सहज मिळत नाहीत. जुन्या एसडी मॉडेलांपैकी काहींना दोन जीबीपर्यंतचंच कार्ड चालतं, काहींना ३२ जीबीपर्यंतचं. तुमचं ६४ जीबीचं कार्ड त्यांना वाचताच येणार नाही.

६. परदेशातून आलेला असेल तर मेनूची भाषा बदलून पाहा. जपानी बाजारासाठीच्या काही कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानीतच असतो.

फार जुना, २००२ ते २००४ च्या सुमाराचा कॅमेरा हौसेने घेत असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. त्या काळात सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरमध्ये दोष होता. उष्ण आणि दमट हवेत आतली जोडणी सुटून फोटो विचित्र रंगांचे, फाटल्यासारखे किंवा पूर्ण काळे येत. हे सेन्सर सोनीबरोबरच कॅनन, निकॉन, फुजीफिल्म अशा कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही होते, आणि २००५ च्या अखेरीस या कंपन्यांनी फुकट दुरुस्ती जाहीर केली होती. आज ती सोय मिळेल असं धरून चालू नका. आपल्याकडची हवा नेमकी उष्ण आणि दमट, म्हणून या काळातलं मॉडेल मी तरी पैसे देऊन घ्यायला सांगणार नाही.

बिल, वॉरंटी आणि तुमचे हक्क

दुकानदार म्हणेल, ‘बिल नको असेल तर कमी करतो.’ कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे मोह होतो. नको म्हणा. बिलाशिवाय वॉरंटी नाही आणि पुढे तक्रारीलाही आधार नाही.

- पेटीवर छापील किंमत, आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि ग्राहकसेवेचा संपर्क असायला हवा. आयातदाराचं लेबल नसेल तर तो माल कंपनीच्या अधिकृत मार्गाने आलेला नसण्याची शक्यता मोठी, आणि मग भारतात कंपनीची वॉरंटी मिळत नाही. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या कॅमेऱ्यालाही अनेकदा हेच लागू होतं.
- ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही.
- ई-कॉमर्स नियम २०२० नुसार वर्णनाशी न जुळणारी किंवा सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेता नाकारू शकत नाही. ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्याच मालाला मतं लिहिणंही त्याला मना आहे. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायला हवं.
- तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.
- पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी जपून ठेवा. ‘ऑप्टिकल झूम’ लिहिलेलं पान नंतर बदललेलं असू शकतं.

खाजगी व्यक्तीकडून जुना कॅमेरा घेतलात तर ग्राहक कायद्याचा आधार मिळणं अवघड आहे, कारण तो व्यापारी नाही. तिथे तुमचं संरक्षण म्हणजे समोर बसून केलेली तपासणी, मूळ बिलाची प्रत आणि विकणाऱ्याच्या सहीची एक साधी पावती. मूळ बिलही नाही आणि ओळखपत्र दाखवायलाही तयार नाही, अशा माणसाकडून घेऊ नका, तो माल चोरीचा असू शकतो.

घेतल्यानंतर

पहिल्याच आठवड्यात सगळ्या सोयी वापरून पाहा, कपाटात ठेवून दिवाळीची वाट बघू नका. दोष असेल तर परत करण्याची मुदत तेवढ्यात निघून जाते. कार्ड नामांकित कंपनीचं आणि बिलावर घ्या. बनावट कार्डांवर ६४ जीबी लिहिलेलं असतं, जागा त्याच्या कितीतरी कमी असते, आणि लग्नाचे फोटो गेल्यावरच ते कळतं. पावसाळ्यात कॅमेरा कातडी पाकिटात बंद करून ठेवू नका, तिथे बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या ओलसर झाल्या की बदला. महिनाभर वापर नसेल तर बॅटरी काढून ठेवा.

आणि एक विनंती. निदान एक पावसाळा कॅमेरा वापरून झाला की तुमचंही मत लिहा. आपल्या हवेत हे कॅमेरे कसे टिकतात याबद्दल वाचायला फार कमी मिळतं. मॉडेलचा पूर्ण क्रमांक, कुठल्या महिन्यात किती रुपयांना घेतला, कुठे वापरला, काय बिघडलं, सर्व्हिस सेंटरने काय उत्तर दिलं आणि किती पैसे घेतले, एवढं लिहा. सोबत घरातल्या दिव्यात काढलेला एक फोटो जसाच्या तसा जोडा.